तारणातल्या सायकली

दवाखान्याच्या मागे, जनरेटरच्या खोलीला लागून एक पत्र्याची शेड होती. मी रुजू झाले त्या दिवशी स्टोअरकीपरनं किल्ल्यांचा जुडगा घेऊन मला सगळी कुलपं दाखवली. औषधांची खोली, चादरी-ब्लँकेटची खोली, डिझेलची, शवागाराची. सगळ्यात शेवटी ही शेड. आत अंधारात चाळीसेक सायकली एकमेकींना टेकून उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हँडलला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर बिलाचा नंबर, गावाचं नाव आणि रक्कम. मला वाटलं, स्टाफच्या असतील. "नाही मायी," तो म्हणाला, "पेशंटच्या आहेत. बिल फेडलं की घेऊन जातात."

'मायी' म्हणजे चिचेवा भाषेत आई. कुठल्याही मोठ्या बाईला हाक मारायची तीच रीत. माय म्हणणाऱ्या मुलखातून गेलेल्या मला ती हाक पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या शेडमध्येही मला काही वावगं दिसलं नाही. मी हिशेबाच्या बाजूची. येणं आहे, त्यावर तारण आहे, तारणाची नोंद आहे. उलट नोंदी इतक्या नीट ठेवल्यात याचं बरंच वाटलं.

हे मलावीतलं, लिलोंग्वेच्या उत्तरेला तंबाखूच्या मुलखातलं चर्चचं इस्पितळ. २०१० च्या ऑगस्टमध्ये मी तिथे प्रशासक म्हणून गेले आणि २०१४ पर्यंत राहिले. मी मूळची मिरजेची. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे दवाखाना उभा केला, त्यामुळे आमच्या मंडळीत वॉर्डात, फार्मसीत नाही तर लॅबमध्ये माणूस नाही असं घर शोधावं लागेल. मी स्वतः दक्षिण महाराष्ट्रातल्या एका मिशन दवाखान्यात चौदा वर्षं बिलिंग, पगारपत्रकं आणि ऑडिट सांभाळलं होतं. तिकडच्या चर्चला हिशेब जाणणारं माणूस हवं होतं, आमच्या पाळकसाहेबांनी मला विचारलं. मला ते देवाचं बोलावणं वाटलं. आजही तसंच वाटतं.

गावात मात्र कुणाचा विश्वास बसेना. त्यांच्या अनुभवात मिशनरी म्हणजे गोरा माणूस आणि माझ्यासारख्या रंगाचा माणूस म्हणजे 'म्वेन्ये'. हा शब्द भारतीय लोकांसाठी, आणि भारतीय म्हणजे तालुक्याच्या गावातले गुजराती दुकानदार. पहिले काही आठवडे बायका मला विचारायच्या, दुकान कधी उघडणार? मग एका रविवारी उपासनेनंतर मी त्यांना नाशिकची गोष्ट सांगितली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकेकाळी मुंबईत उतरवली जात आणि नाशिकच्या शरणपूरला मिशनच्या आश्रमात शिकत. त्यांतला जेकब वेनराइट हा याओ जमातीतला, म्हणजे मलावी सरोवराच्या आसपासच्या लोकांतला. १८७३ मध्ये मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांच्यासाठी अंत्यविधीची प्रार्थना त्यानं वाचली, झाडावर नाव-तारीख कोरली आणि देहासोबत इंग्लंडपर्यंत जाऊन १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत खांदा दिला. मी म्हटलं, तुमचा मुलगा आमच्याकडे शिकून परत आला, तशी आता मी तुमच्याकडे शिकायला आलेय. त्यानंतर दुकानाचं कुणी विचारलं नाही.

शिकायला म्हटलं ते शब्दशः खरं ठरलं. मिरजेकडून मी जे घेऊन गेले होते, दुहेरी नोंद, महिन्याचा ताळेबंद, येणी वसूल करायची शिस्त, ते सगळं तिथल्या पावसाळ्यानं तपासून घेतलं.

तिथे नोव्हेंबरच्या शेवटी पाऊस लागतो. मका पेरतात, तंबाखूची रोपं लावतात. गेल्या वर्षीचा मका जानेवारीत संपतो आणि नवा एप्रिलमध्ये हाती येतो. मधले तीन महिने म्हणजे 'न्जाला'. शब्दाचा अर्थ भूक. घरात एक वेळ 'न्सिमा' शिजली तरी पुष्कळ. (मक्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणजे न्सिमा, तीच तिथली भाकरी.) आणि नेमके हेच तीन महिने मलेरियाचे. पाणी साचतं, डास वाढतात, पाच वर्षांखालची मुलं तापानं फणफणतात, त्यांचं रक्त झपाट्यानं उतरतं. आमच्या पन्नास खाटांच्या मुलांच्या वॉर्डात फेब्रुवारीत शंभरावर मुलं असायची, एका खाटेवर दोन आणि खाली चटईवर एक. उलट तंबाखूचे लिलाव मार्च-एप्रिलमध्ये सुरू होऊन ऑगस्टपर्यंत चालतात. जून-जुलैत लोकांच्या खिशात पैसे असतात तेव्हा हवा कोरडी, थंड, आणि वॉर्ड निम्मे रिकामे.

म्हणजे आजार आणि पैसा हे दोघे त्या मुलखात एकमेकांना कधी भेटतच नाहीत. आमच्याकडेही शेतकऱ्याचं असंच असतं, ऊस कारखान्याला जाईपर्यंत दुकानात खातं. पण दवाखान्याचं सगळं वर्ष या एका विसंगतीवर उभं आहे हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. फेब्रुवारीत रक्त, सलाईन, डिझेल, जेवणाचा मका, सगळ्याचा खर्च टोकाला जातो आणि फीच्या खिडकीवर दिवसाकाठी मूठभर नोटा जमतात. प्रशासकाचं काम म्हणजे जुलैतला पैसा फेब्रुवारीपर्यंत पुरवणं. बाकी सगळं त्याच्या खाली येतं.

मलावीत सरकारी दवाखान्यात उपचार फुकट आहेत. पण सरकारी जिल्हा रुग्णालय आमच्यापासून पन्नास किलोमीटरवर होतं. मधल्या गावांना आम्हीच. अशी चर्चची इस्पितळं १९६६ पासून एका संघटनेत एकत्र आहेत आणि देशातल्या आरोग्यसेवेचा सुमारे तिसरा हिस्सा त्यांच्या अंगावर आहे, तोही बहुतेक खेड्यांत. सरकार त्यांच्या नर्सेसचे आणि क्लिनिकल ऑफिसरांचे पगार देतं. काही सेवांसाठी करार असतो. आमच्याकडे बाळंतपण आणि नवजात बाळ यांचं बिल आईला लावायचं नाही, ते जिल्ह्याकडे पाठवायचं, असा करार होता. ते पैसे यायला महिने लागायचे, पण आई बिल न भरता घरी जायची, हे मला फार मोलाचं वाटे. मलेरियाच्या गोळ्या परदेशी निधीतून फुकट मिळत. राहिलं काय? खाट, रक्त, तपासण्या, ऑपरेशन, हाड मोडलेला बाप, भाजलेली मुलगी. त्याची फी होती. ती भरता आली नाही तर सायकल.

सायकल म्हणजे काय हे समजायला मला दीड वर्ष लागलं. त्या भागात घरातली सगळ्यात किमती वस्तू तीच. मक्याचं पोतं गिरणीवर तीच नेते. तंबाखूच्या गाठी तीच नेते. आजारी माणूस मागच्या कॅरिअरवर बसून तिच्यावरूनच दवाखान्यात येतो, अडलेली बाईसुद्धा. आमची रुग्णवाहिका एक होती आणि तिला डिझेल लागायचं.

डिझेलचं सांगते. २०११ मध्ये देशात परकीय चलन आटलं आणि त्याबरोबर इंधनही. पंपांवर दोन-दोन दिवसांच्या रांगा. आमचा ड्रायव्हर चटई आणि मक्याची कणसं घेऊन रांगेत झोपायला जायचा. दवाखान्याच्या कोठीत डिझेलचे ड्रम ठोठावून आवाजावरून पातळी ओळखायला मी त्याच्याकडूनच शिकले. देशातली जवळजवळ सगळी वीज तेव्हा शिरे नदीवरच्या जलविद्युत केंद्रांतून येई आणि ती कधी जाईल याचा नेम नसे. वीज गेली की मोठा जनरेटर, तासाला सात-आठ लिटर.

२०१२ च्या फेब्रुवारीतली एक रात्र माझ्या डायरीत आहे, पण डायरी न उघडताही मला ती पूर्ण आठवते. संध्याकाळी सातला वीज गेली. कोठीत चाळीस लिटर डिझेल, म्हणजे पाच तास, ओढूनताणून साडेपाच. मुलांच्या वॉर्डात तीन मुलं ऑक्सिजनवर. आमच्याकडे सिलिंडर नव्हते, कॉन्सन्ट्रेटर होते. हे यंत्र खोलीतलीच हवा घेऊन तिच्यातला नायट्रोजन गाळतं आणि ऑक्सिजन पुढे सोडतं. एक यंत्र मिनिटाला पाच लिटर देतं आणि त्याला एक छोटी दुभाजक नळी जोडली की दोन-तीन मुलांत वाटता येतं. पण वीज गेली की ते नुसतं खोकं.

मी टॉर्चच्या उजेडात कागदावर आकडे मांडत बसले होते. ऑपरेशन थिएटर बंद ठेवलं तर? रक्ताचा फ्रिज दार न उघडता किती तास गार राहील? मेंटेनन्सचा माणूस दारात उभा राहून ऐकत होता. माझ्या अर्ध्या वयाचा मुलगा, धंदेशिक्षणाच्या शाळेत शिकलेला. "ओडी," तो म्हणाला. आत यायची परवानगी मागायचा तो शब्द, जीव जात असला तरी तिथे कुणी तो म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. "ओडीनी," मी म्हटलं. तो म्हणाला, "मायी, तुम्ही दोन दिवे लावायला ट्रक चालवताय. ही यंत्रं मिळून आठशे वॉटसुद्धा खात नाहीत. बाजारातल्या व्हिडिओवाल्याकडे छोटा पेट्रोल जनरेटर आहे."

बाजारात एका झोपडीत रोज रात्री सिनेमा दाखवायचे. तिथला जनरेटर सायकलच्या कॅरिअरवर बांधून आला, मागोमाग प्रेक्षकांतली सात-आठ पोरं, कुणाकुणाच्या हातात रस्त्याकडेला बाटलीतून विकतात ते पेट्रोल. व्हिडिओवाल्यानं भाडं घेतलं नाही. रात्री नऊला मुलांच्या वॉर्डाच्या खिडकीखाली ते छोटं यंत्र फटफटायला लागलं आणि आत दोन कॉन्सन्ट्रेटरचे हिरवे दिवे लागले. तासाला एक लिटरही न पिता ते सकाळपर्यंत चाललं. मोठा जनरेटर आम्ही रात्री फक्त एकदा, एका सिझेरियनसाठी चालू केला.

चौदा वर्षांच्या हिशेबात मी खर्च कमी करणं म्हणजे खर्चाला कात्री लावणं असं शिकले होते. कामाच्या मापाचं यंत्र वापरणं हा विचार त्या मुलाचा. पुढच्या तिमाहीत आम्ही दोन छोटे जनरेटर घेतले, मुलांच्या वॉर्डातले ऑक्सिजनचे सॉकेट लाल रंगानं रंगवले आणि त्यांची वायरिंग वेगळी केली.

ती तिन्ही मुलं घरी गेली. त्याच रात्री अकराला साडेतीन वर्षांचा चौथा मुलगा आला होता. आजोबांनी पाठीवर आणलेला, अठरा किलोमीटर, पावसात. सोबत आजी, डोक्यावर भांडी आणि मक्याचं पीठ, कारण दवाखान्यात पेशंटचं जेवण नातेवाइकांनीच शिजवायचं असतं. हिमोग्लोबिन तीन. आजोबांचा रक्तगट जुळला, त्यांनी रक्त दिलं आणि बाहेर बाकावर बसून राहिले. मुलाला रक्त चढत होतं, ऑक्सिजन होता, औषध गेलं होतं. पहाटे चारला तो गेला.

तिथे मृत्यूनंतर बायका जो आक्रोश करतात तो अंगणातून सुरू होतो आणि वॉर्डावॉर्डांतून ओळख नसलेल्या बायका त्यात आपला आवाज मिसळतात. एकटीला रडू देत नाहीत. आजीभोवती दहा-बारा जणी होत्या. सहाच्या सुमारास आजोबा माझ्या ऑफिसच्या दाराशी आले. ओडी म्हणाले. आत येऊन गुडघ्यावर बसले, मोठ्या माणसाशी बोलायची तिथली रीत, आणि त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मी खुर्चीवर. मला वाटलं, गाडी मागायला आले असतील. मृतदेह गावी पोचवायला गाडी द्यायची की नाही, डिझेल कुणी द्यायचं, हा निर्णय प्रशासकाचा असतो आणि मी तो महिन्यातून कितीतरी वेळा घ्यायची. त्या दिवशी नाही म्हणावं लागणार होतं. मी मनात शब्द जुळवत होते.

त्यांनी गाडी मागितली नाही. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला हेल्थ पासपोर्ट काढला. मलावीत केसपेपर दवाखान्यात राहत नाही. ही छोटी वही पेशंट विकत घेतो, जपतो, दरवेळी घेऊन येतो. पण ही वही त्या मुलाची नव्हती, त्याच्या मोठ्या बहिणीची होती. ती गेल्या वर्षी चुलीत पडून भाजली होती आणि पाच आठवडे आमच्याकडे होती. वहीच्या घडीत बिलाचा कागद. आजोबा म्हणाले, "माझी सायकल तुमच्या शेडमध्ये आहे. आज एका दिवसापुरती मिळाली तर पोराला घरी नेता येईल."

मी स्वतः उठून कुलूप काढलं. पुठ्ठ्याचे तुकडे वाचत वाचत त्यांची सायकल शोधली. मागचा टायर बसला होता, वॉचमननं हवा भरली. आजीनं मुलाला आपल्या चितेंजेत गुंडाळलं, तेच कापड जे बायका तिथे कमरेला गुंडाळतात, पाठीशी बाळ बांधायला वापरतात. कॅरिअरवर चटई, चटईवर तो. आजोबा हँडल धरून चालत होते आणि आजी मागून एका हातानं त्याला धरून.

सायकल घरी असती तर आदल्या रात्री ते दोन-तीन तास आधी पोचले असते. तेवढ्यानं तो वाचला असता का, हे मी क्लिनिकल ऑफिसरला विचारलं. त्यानं खूप वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, रक्त इतकं उतरलेलं मूल कधी वाचतं, कधी नाही. पण दोन तास म्हणजे दोन तास. मी त्याला पुन्हा कधी विचारलं नाही.

आणि तीन दिवसांनी आजोबा सायकल घेऊन परत आले. अठरा किलोमीटर येऊन त्यांनी ती शेडमध्ये होती त्याच जागी लावली, पुठ्ठा हँडलला पुन्हा बांधला, स्टोअरकीपरला दाखवला आणि चालत परत गेले. मी त्या दिवशी तालुक्याला गेले होते. संध्याकाळी मला हे कळलं तेव्हा मी शेडमध्ये जाऊन उभी राहिले. चौदा वर्षं आणि त्यावर दीड वर्ष मी 'येणं' हा शब्द लिहीत होते, पण देणं असलेला माणूस मी त्याआधी इतक्या जवळून पाहिला नव्हता.

मार्चच्या व्यवस्थापन समितीत मी विषय मांडला. तारण बंद करायचं, सगळ्या सायकली मका काढणीच्या आधी परत द्यायच्या, बाकी वहीत लिहायची आणि गावच्या मुखियाच्या साक्षीनं सही घ्यायची. माझं म्हणणं हिशेबाचंच होतं: ज्या सायकलीवर तंबाखूच्या गाठी लिलावाला जाणार आणि ज्या पैशातून आमचं बिल फिटणार, तीच सायकल आम्ही कुलपात ठेवतो. कॅशिअरनं कडाडून विरोध केला. ती वाईट बाई नव्हती. फीच्या खिडकीत रोज बसून लोकांचे डोळे तीच बघत होती, आणि पगाराच्या दिवशी साफसफाईच्या बायकांना रोख कमी पडली की त्या तिच्याच अंगावर येत. मेट्रन माझ्या बाजूनं उभी राहिली. 'अबुसा', म्हणजे आमचे पाळक, समितीचे अध्यक्ष होते. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सायकली परत दिल्या आणि कुणीच पैसे आणले नाहीत, तर कुठला खर्च थांबवाल ते आज सांगा." तो प्रश्न योग्य होता. मी रंगकाम आणि नव्या गाद्या असं उत्तर दिलं. ठराव झाला.

महिन्याभरात देशच हलला. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष मुथारिका अचानक वारले, जॉइस बांदा त्या जागी आल्या आणि ७ मे रोजी क्वाचाचं अवमूल्यन झालं. एका डॉलरला सुमारे १६८ क्वाचा पडत होते ते एका दिवसात २५० झाले आणि पुढेही घसरण चालू राहिली. रांगा हळूहळू कमी झाल्या, पंपावर डिझेल दिसायला लागलं, पण भाव बघवेना. एक्स-रे फिल्म, लॅबचे रीएजंट, टाक्यांचा धागा, सगळं बाहेरून येणारं. त्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की परदेशी मंडळ्यांनी पाठवलेली पौंडांतली देणगी क्वाचात फुगली, पेशंटची फी मात्र होती तेवढीच राहिली, आणि ती वाढवायची म्हटलं तरी शेतकऱ्याच्या हातात पडणारा पैसा तेवढ्यानं वाढला नव्हता. खत मात्र महागलं होतं. फी वाढवावीच लागली. मी ती मुलांच्या वॉर्डात वाढवू दिली नाही, पुरुषांच्या ऑपरेशनांवर टाकली. हा न्याय होता की नाही, मला सांगता येणार नाही. मोडलेल्या पायाच्या माणसाचीही मुलं घरी होती.

एका खोलीत मात्र अशी कसरत नव्हती. एचआयव्हीच्या औषधांची खोली. खोक्यांवर भारतीय कंपन्यांची नावं, कुठे गोव्याचा पत्ता, कुठे औरंगाबादचा. तीन औषधांच्या या उपचाराला एकेकाळी वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे खर्च यायचा. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं तोच वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला आणि तिथून दार उघडलं. २०११ पासून मलावीनं ठरवलं की एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला, रक्तातल्या पेशी मोजत न बसता, त्याच दिवसापासून जन्मभराचे उपचार द्यायचे. पेशी मोजायची यंत्रं खेड्यांत नव्हतीच, म्हणून त्यांनी नियमच असा केला की यंत्राची गरज पडू नये. असा निर्णय घेणारा पहिला देश म्हणजे हा गरीब देश. मंगळवारी त्या खोलीबाहेर बायकांची रांग असायची, पाठीशी बाळं, आणि मी मुद्दाम कागद घेऊन तिकडून जायची.

सायकलींचं काय झालं ते सांगायचं राहिलं. निरोप मुखियांमार्फत गेले, लोक येऊन सायकली घेऊन गेले. काहींनी घेताना हसून दोन्ही हातांनी टाळी वाजवली, तिथे आभार असेच मानतात. काही जण संशयानं बघत राहिले, यात काही गोम आहे का म्हणून. ऑगस्टअखेर निम्म्याहून थोड्या कमी लोकांनी बिल पूर्ण फेडलं होतं, काहींनी थोडंथोडं, आणि बाकीच्यांनी काहीच नाही. गाद्या त्या वर्षी आल्या नाहीत. कॅशिअरनं मला तो आकडा दाखवला आणि काही बोलली नाही, मीही बोलले नाही. पण त्या पुढच्या पावसाळ्यात मुलं कशावरून आली हे मी रोज सकाळी मेट्रनला विचारायची, आणि ती सांगायची: सायकल, सायकल, पाठीवर, सायकल.

शेडमध्ये एकच उरली होती. तीन निरोप पाठवले तरी आजोबा आले नाहीत. शेवटी जूनमध्ये त्यांच्या गावी 'सिकेलो' होता तेव्हा आम्ही ती पिकअपच्या मागे टाकली. सिकेलो म्हणजे तराजू. महिन्यातून एकदा नर्स गावात जाते, आंब्याच्या झाडाच्या फांदीला पंचवीस किलोचा गोल काटा टांगते आणि आया आपली बाळं चड्डीसारख्या झोळीत घालून त्याला अडकवतात. वजन, लस, वहीत ठिपका. सगळ्या गावानं त्या कार्यक्रमाचं नावच तराजू ठेवलंय.

आजोबा झाडाखाली आले. भाजलेली नात सोबत होती, मानेवर व्रण, पण हात पूर्ण उचलता येत होता. मी आधी तेच पाहिलं. सायकल बघून त्यांनी मान हलवली. बिल फिटलेलं नाही, म्हणाले. मी समितीचा ठराव सांगितला, मुखियानं सांगितला, नर्सनं सांगितला. ते ऐकून घेत होते आणि मान हलवत होते. मग उठून घरी गेले आणि डोक्यावर शेंगदाण्याचं पोतं घेऊन आले. यंदाच्या पिकाचं.

मी म्हणणार होते की याची गरज नाही. नर्सनं माझ्या हाताला हलकेच स्पर्श केला आणि मी थांबले. मग तिनं बाळांची झोळी काट्यावरून सोडवली आणि पोतं त्याच आकड्याला टांगलं. काटा दोन-तीनदा डोलून स्थिर झाला. आजोबा पुढे झाले, त्यांनी स्वतः आकडा वाचला आणि मोठ्यानं सांगितला. अठरा. मी वही उघडली, त्या आठवड्याचा शेंगदाण्याचा बाजारभाव मुखियाला विचारला, गुणाकार करून रक्कम त्यांच्या नावावर जमा टाकली आणि खाली उरलेली बाकी लिहिली. त्यांनी अंगठा लावला नाही, सही केली, एकेक अक्षर सावकाश. मग बाकीच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे पुढच्या कापणीला." मी होय म्हटलं.

सायकलीच्या हँडलवरचा पुठ्ठा नातीनं सोडला आणि सुतळी आपल्या मनगटाला गुंडाळली.